ताट आणि आरसा : आपल्या घरांतील एक दुर्लक्षित इतिहास

आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या लेकीची खान्देशातील आई पहिली पाहणी करीत असे ती तिच्या मनगटाची. बांगडी कोपराकडे सरकू लागली असेल, तर "पोर वाळी गई माय" असे शब्द तिच्या तोंडून निघत, आणि त्या शब्दांत सासरच्या घरावर ठेवलेला एक आरोप असे. लेकीला पोटभर मिळत नाही, तिच्यावर कामाचा भार अधिक आहे, किंवा तिला काही दुखणे आहे आणि ते कोणी पाहत नाही, असा त्याचा अर्थ. हेच शब्द आज नवागामातील एखाद्या घरात आजी आपल्या कॉलेजात जाणाऱ्या नातीला उद्देशून उच्चारते, तेव्हा नातीच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. आजीची चिंता नातीच्या कानी प्रशस्ती होऊन पोचते. एकाच छपराखाली, एकाच बोलीत, एकाच शब्दाचे असे परस्परविरुद्ध अर्थ कसे झाले, याचा मागोवा या लेखात घेण्याचा आमचा विचार आहे. हा इतिहास केवळ सौंदर्यकल्पनांचा नाही. त्याच्या एका टोकाला आजार आहे, आणि तो आजार जीवावर बेतू शकतो.

नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांत वसलेली आपली बहुतेक कुटुंबे धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून आली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले गेले, आणि पुढे सुरतेत यंत्रमाग व रंगाईचे कारखाने वाढले तसा त्याच लोहमार्गाने खान्देश येथे उतरत गेला. येताना या माणसांनी दुष्काळाची आठवण सोबत आणली. १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ खान्देश व गुजरात या दोहोंनी भोगला होता. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून सुकडी खाल्लेली माणसे आजही आपल्यात आहेत. ज्यांनी माणसे खंगताना पाहिली, त्यांना खंगलेले शरीर सुंदर वाटणे शक्यच नव्हते. त्यांच्या लेखी 'अंगाने भरलेली' हे स्त्रीचे वर्णन म्हणजे घरात धान्य आहे याची ग्वाही होती. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कवितेतील खान्देशी स्त्री पाहावी. ती शेतात, जात्यावर, चुलीपाशी दिसते. तिच्या शरीराचे माप तिच्या कामात आहे, कमरेच्या घेरात नाही.

खान्देशाबाहेरच्या मराठी घरांतही चित्र फारसे निराळे नव्हते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे स्वस्तात घरोघरी पोचली. त्यापूर्वी बडोद्याला सयाजीराव महाराजांसाठी त्याने पौराणिक चित्रमालिका रंगविली होती, हे गुजरातेतील मराठी मंडळींना ठाऊक आहेच. त्याच्या देवता भरल्या दंडाच्या आणि गोल चेहऱ्याच्या आहेत. भिंतीवरच्या त्या तसबिरीकडे पाहत आपल्या पणज्यांनी वेणीफणी केली. तेव्हा शरीराचा एक आदर्श त्यांच्याही समोर होता, हे मान्य केले पाहिजे. फरक इतकाच की त्या आदर्शाला गाठण्यासाठी जेवण सोडावे लागत नव्हते.

आदर्श हे निसर्गाने दिलेले नसून माणसाने घडविलेले असतात, याचे आपल्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण बालगंधर्वांचे. नारायणराव राजहंस (१८८८-१९६७) यांनी किर्लोस्कर मंडळीत आणि १९१३ पासून स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीत स्त्रीभूमिका केल्या. सयाजीराव महाराजांचा आश्रय त्यांना लाभला होता. 'मानापमाना'तील भामिनी, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी, 'एकच प्याला'तील सिंधू यांची लुगडी, दागिने, केसांत गजरा माळण्याची तऱ्हा, इतकेच नव्हे तर चालण्या-बोलण्याची लकब पाहून घरंदाज स्त्रिया आपला पेहराव ठरवीत. स्त्रीने कसे दिसावे, याचा धडा महाराष्ट्रातील स्त्रिया एका पुरुष नटाकडून घेत होत्या. पुढे वय झाले, देह स्थूल झाला, तरी रसिकांनी त्यांना त्याच भूमिकांत डोक्यावर घेतले. त्या काळी देखणेपण वजनात मोजले जात नव्हते, याचा याहून वेगळा दाखला नको.

परंतु हा इतिहास इथेच थांबविला, तर तो जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यासारखा होईल. आमचे म्हणणे तसे नाही. आरसा उदार होता, तरी ताट उदार नव्हते. आपल्या घरांत पुरुष व मुले जेवून उठल्यावर बाई बसे, आणि भाजी संपली असेल तर तिखट-मीठ लावून भाकरी खाई. वर्षभराच्या व्रतवैकल्यांचा मोठा वाटा तिच्याच पदरी होता. हरितालिका, सोळा सोमवार, संकष्टी, एकादश्या, चातुर्मासातील नेम. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण ज्यांच्या घरी साबुदाणा, राजगिरा आणि शेंगदाणे मुबलक होते त्यांची. निर्जळी करणारीला ती लागू नव्हती. विधवेच्या बाबतीत तर भूक ही शिक्षाच होती. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात उच्चवर्णीय विधवेला दिवसातून एकदाच जेवण्याची मुभा कशी असे, हे जगापुढे मांडले. केशवपन, जाडेभरडे वस्त्र आणि एकभुक्त राहणे या तिन्हींचा हेतू एकच होता. स्त्रीचे शरीर कोणाच्या नजरेस भरू नये आणि तिच्या मनात इच्छा उरू नये. स्त्रीने अन्न नाकारले की ती सोज्ज्वळ ठरते, ही समजूत आपल्याकडे अशी पिढ्यान्‌पिढ्या मुरली.

या समजुतीची पकड किती घट्ट होती, ते सुरतेतच काम केलेल्या एका थोर मराठी स्त्रीच्या चरित्रात दिसते. डॉ. रखमाबाई (१८६४-१९५५) यांनी बालपणी झालेल्या विवाहातून सासरी नांदायला जाण्यास नकार दिला, कोर्टाचा हुकूम मोडून तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली, आणि तो खटला १८८८ मध्ये तडजोडीने मिटल्यावर लंडनला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेतले. परत आल्यावर १८९५ च्या सुमारास त्या सुरतेत स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि तेथे दोन दशके त्यांनी सेवा केली. आपल्या देहावर कोणाचा हक्क, हा प्रश्न हिंदुस्थानच्या न्यायालयात उभा करणारी ही स्त्री. तिनेही १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर वैधव्याची पांढरी साडी स्वीकारली. ज्याच्याशी तिने कधी संसार केला नाही, त्याच्या नावाने. यात आम्ही त्यांना उणेपणा देत नाही. समाजाचा डोळा एकदा अंगावर रोखला गेला की बुद्धी, शिक्षण आणि धैर्य असूनही माणूस त्यातून पुरता सुटत नाही, एवढेच सांगावयाचे आहे. आजच्या हुशार, पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्या मुलीला "तू एवढी शहाणी, मग जेवत का नाहीस?" असे विचारताना आपण हे लक्षात ठेवावे.

आता वैद्यकाच्या इतिहासाकडे वळू. अन्न नाकारून झिजत जाणाऱ्या तरुण मुलींचे वर्णन १८७३ मध्ये लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केले. गल यांनी दिलेले 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव पुढे रूढ झाले. अधाशीपणे खाऊन मग ओकून टाकण्याच्या विकाराला 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिले. ओकण्याशिवाय, पण ताबा सुटून वारंवार भरमसाठ खाण्याच्या विकाराला २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत स्वतंत्र स्थान मिळाले. मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्यू ज्यांमुळे होतात, त्यांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. उपासमारीने हृदय दुर्बळ होते, मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. वारंवार ओकण्याने रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचा ठोका अचानक चुकू शकतो. अशा वेळी वजन फार उतरलेले असेलच असे नाही.

हा सारा मुलीचा हट्ट आहे असे मानणाऱ्यांनी एका जुन्या प्रयोगाची हकीकत ऐकावी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. या पुरुषांना बारीक दिसण्याची हौस नव्हती. तरीही काही आठवड्यांत ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके चाळू लागले, एकेक घास तासन्‌तास चघळू लागले, चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. पुन्हा जेवण मिळू लागल्यावरही त्यांतील काहींचे खाणे बराच काळ ताळ्यावर आले नाही. म्हणजे आरंभ कशानेही होवो, डाएट असो, परीक्षेचा ताण असो की कोणी मारलेला टोमणा असो, एका मर्यादेनंतर भूकच मनाचा कब्जा घेते. तिथून पुढे "मनावर घे" हा उपदेश निरुपयोगी आहे.

आपल्या घरांत हा आजार का ओळखू येत नाही, याचे उत्तर हाँगकाँगमधून मिळाले. तेथील मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, त्यांच्या अनेक रुग्ण मुली "मला लठ्ठ व्हायची भीती वाटते" असे म्हणतच नव्हत्या. पोट फुगते, भूक लागत नाही, अन्न जात नाही, एवढेच त्या सांगत. पाश्चात्त्य पुस्तकातील व्याख्या हातात धरून बसलेल्या डॉक्टराला हा आजार दिसला नसता. आपल्याकडील मुलगी याहून वेगळे काय बोलते? "पित्त झालंय", "आज माझा उपास आहे", "मैत्रिणीकडे खाऊन आले". त्यात आपण सुरतवासी. आपल्या मुलींच्या हाती उपासांची दोन पंचांगे आहेत. मराठी घरातील हरितालिका आणि संकष्टी आहेतच. शिवाय शेजारच्या गुजराती मैत्रिणींबरोबर आषाढातील गौरीव्रताचे पाच अळणी दिवस आणि जयापार्वतीचे व्रत त्या आवडीने करतात. या आपलेपणाचा आम्हांस आनंदच आहे. पण ज्या मुलीला जेवण टाळावयाचे आहे, तिला वर्षातून कितीतरी दिवस घरातूनच, तेही कौतुकासह, निमित्त मिळते. पूर्वी स्त्रीच्या उपासाने घराण्याचे पुण्य वाढते असे म्हणत. त्याच उपासाच्या पदराआड आता आजार दडतो. जुन्या ताटाची आणि नव्या आरशाची गाठ पडते ती येथे, आणि आमच्या मते या प्रश्नाचे मर्म हेच आहे.

नवा आरसा कसा आला, तेही पाहू. फिजी बेटांवरील एका प्रांतात १९९५ मध्ये प्रथमच दूरचित्रवाणी पोचली. तेथील मूळ समाजात धष्टपुष्ट शरीराला मान होता. अ‍ॅन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची पाहणी १९९५ मध्ये केली आणि पुन्हा १९९८ मध्ये केली. खाण्याविषयीच्या चाचणीत चिंताजनक गुण मिळविणाऱ्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन घटविण्यासाठी ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत अशा मुली ११.३ टक्के निघाल्या. आपल्या देशात १९९२ नंतर उपग्रह वाहिन्या घराघरांत शिरल्या, १९९४ मध्ये दोन भारतीय तरुणींनी जगातील दोन मोठे सौंदर्यकिताब जिंकले, आणि पुढे मोबाइलने तर आरसा प्रत्येकाच्या खिशातच ठेवला. गोरेपणाचा हव्यास त्याआधीपासून होताच. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ पासून विकले जात होते, आणि त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले.

सुरतेत याला नवरात्रीची जोड मिळते. गरब्याच्या दोन महिने आधी व्यायामशाळांचे दर भरतात, चणियाचोळीच्या मापात बसण्यासाठी मुली रात्रीचे जेवण सोडतात, आणि मग नऊ दिवस उपाशीपोटी मध्यरात्रीपर्यंत नाचतात. लग्नाच्या बाजाराने याच मागणीवर शिक्का मारला आहे. आपल्या समाजांच्या वधूवर परिचय पुस्तिका पाहाव्यात. शिक्षण, गोत्र, उंची, वर्ण यांच्या रांगेत 'बांधा' नावाचा रकाना असतो आणि त्यापुढे 'सडपातळ' हा शब्द जणू आधीच छापून ठेवलेला. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात बशा घेऊन येणारी मुलगी स्वतः पोहे खात नाही, ही रीत तर आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे आपणांस वाटतही नाही.

मुलगे यातून सुटले आहेत असे नाही. १९०४-०५ च्या सुमारास सँडो हा युरोपीय मल्ल हिंदुस्थानात येऊन गेला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आरंभी त्याच्याच पद्धतीने व्यायाम करीत आणि पुढे त्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. त्यांच्या प्रसाराचा रोख आरोग्यावर होता. आजच्या तरुणाचा आदर्श मात्र पोटावरच्या स्नायूंच्या घड्या मोजतो. त्यासाठी तो पावडरी आणि इंजेक्शने घेतो, आणि कितीही कमावले तरी आरशात स्वतःला किडकिडाच दिसतो. हाही आजारच आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मधुमेह व रक्तदाब आपल्या घराघरांत असताना, जाडीची काळजी करू नका असे सांगणे धोक्याचे नाही काय? याचे उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचे छायाचित्र आणि मापे छापली. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असतोच असे नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांच्या अभ्यासातून याज्ञिकांनी असेही दाखविले की, कुपोषित आईच्या पोटी जन्मलेले कमी वजनाचे बाळही चरबी साठवूनच येते आणि पुढे मधुमेहाकडे झुकते. याचा अर्थ आपल्या विषयापुरता स्पष्ट आहे. डोळ्यांनी केलेली शरीराची पारख खोटी असते. उपाशी राहून बारीक झालेली मुलगी निरोगी नसते, आणि उद्याची आई म्हणून ती आपले दौर्बल्य पुढच्या पिढीला देऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गुजरातेत १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ६५ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अशा प्रांतात जेवण सोडणे ही आरोग्याची वाट असूच शकत नाही.

मग घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे? प्रथम पाहावे. मुलगी घरच्यांबरोबर पंगतीला बसणे टाळते काय, जेवण झाल्याबरोबर न्हाणीघरात जाते काय, उपास एकाएकी वाढले काय, पाळी चुकते काय, उन्हाळ्यातही सैल व पूर्ण बाह्यांचे कपडे घालते काय. यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर वाट पाहू नये. दुसरे, बोलणे आवरावे. "जाड झालीस" हे जितके टाळावे तितकेच "किती छान बारीक झालीस" हेही टाळावे. कारण आजारी मुलीला ही शाबासकी पुढच्या उपासाचे बळ देते. तिसरे, मांत्रिकाकडे किंवा नुसत्या पित्ताच्या गोळ्यांकडे न वळता डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते आणि तेथे आपल्या भाषेत बोलता येते. हा आजार बरा होतो. मात्र जितक्या लवकर हात घालावा, तितका तो लवकर सुटतो. आणि उपास करावयाचाच असेल, तर गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला जसा योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही असे सांगितले आहे, याची आठवण घरातील आजीने करून द्यावी. तिचा शब्द या बाबतीत डॉक्टरांच्या शब्दाहून अधिक ऐकला जाण्याचा संभव आहे.

श्रावणात आपल्या वस्तीत कानबाई बसते तेव्हा भाऊबंद एकत्र जमून रोट खातात. सुरतेत येऊन तीन पिढ्या झाल्या, बोलीत गुजराती मिसळली, पण ही पंगत आपण सोडली नाही. तिच्यात एक बदल मात्र आपल्या हाती आहे. वाढणाऱ्या बायका शेवटी बसतात ती रीत मोडून, या वर्षी लेकी-सुनांची ताटे पहिल्या पंगतीत मांडावीत. कोणी कमी वाढून घेतले तर चारचौघांत आग्रह करू नये, थट्टाही करू नये. फक्त ध्यानात ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी एकांतात तिच्याशेजारी बसून विचारावे. "पोर वाळी गई" हे शब्द आपल्या आजीने काळजीने उच्चारले होते. त्यांचा मूळ अर्थ नातीपर्यंत पोचविणे, हे आपले काम आहे.